मेंढीकोट

घरात चार माणसे आणि पत्त्यांचा एक जोड एवढे असले, म्हणजे मेंढीकोटाचा डाव मांडता येतो. त्याला मैदान लागत नाही, बॅट-बॉल लागत नाही, की पंच लागत नाही. सतरंजीचा एक कोपरा पुरतो. उन्हाळ्याच्या सुट्टीतील दुपार असो, आगगाडीचा लांबचा प्रवास असो, की गणपतीपुढील जागरणाची रात्र असो, हा खेळ महाराष्ट्रातील व गुजरातेतील असंख्य घरांत पिढ्यान्‌पिढ्या खेळला जात आहे. त्यात आजी आणि नातू एका बाजूला, तर मामा आणि भाची दुसऱ्या बाजूला अशा जोड्या जमतात. आणि डाव रंगला म्हणजे कोण लहान, कोण मोठा, याचे भान उरत नाही.

बहुतेक मुले हा खेळ मोठ्यांच्या पाठीशी बसून, बघत बघत शिकतात. ही रीत चांगली आहे. परंतु तिच्यात एक उणीव राहते. कोणते पान केव्हा टाकावयाचे हे मुलांना समजते. तो नियम तसाच का, हे मात्र त्यांना कोणी सांगत नाही. नियमाचे कारण ज्याला कळले, तो नियम पाळतो. ज्याला कळले नाही, तो कोणी पाहत असेल तेवढ्यापुरताच पाळतो. म्हणून मुलांनो, या पाठात आपण मेंढीकोटाचे नियम क्रमाने पाहू आणि प्रत्येक नियमाला त्याचे कारण विचारू.

आरंभी पत्त्यांची ओळख करून घेऊ. पत्त्यांच्या जोडाला बोलण्यात आपण 'कॅट' म्हणतो. त्यात ५२ पाने असतात. त्यांवर बदाम, चौकट, किल्वर व इस्पिक अशी चार चिन्हे असून प्रत्येक चिन्हाची १३ पाने असतात. बदाम व चौकट ही चिन्हे लाल रंगाची आणि किल्वर व इस्पिक ही काळ्या रंगाची. ही चार चिन्हे पंधराव्या शतकात फ्रान्समध्ये रूढ झाली आणि पुढे युरोपीय लोकांबरोबर आपल्या देशात आली.

याचा अर्थ असा नव्हे, की त्यापूर्वी आपल्याकडे पत्ते नव्हते. 'गंजिफा' नावाचा गोल पत्त्यांचा खेळ येथे फार पूर्वीपासून होता. मोगल बादशहा बाबर याने १५२७ मध्ये सिंधमधील ठठ्ठा येथे शाह हसन याच्याकडे गंजिफाची पाने पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आढळते. कोकणातील सावंतवाडी येथे चितारी कारागीर विष्णूच्या दहा अवतारांची चित्रे काढून 'दशावतारी गंजिफा' तयार करीत आले आहेत. या दशावतारी जोडात १२० पाने असतात. प्रत्येक अवताराची १२ पाने. त्यांतील एक राजा, एक प्रधान आणि बाकीची एकपासून दहापर्यंत. आपल्या ५२ पानांच्या जोडात राणी आहे, गंजिफात ती नाही. तेथे राजाच्या खालोखाल प्रधानाचा मान. खेळाची पाने बदलली, चित्रे बदलली. पण पानांना मानाचा क्रम लावावयाचा आणि त्या क्रमाचा आदर सर्वांनी करावयाचा, ही कल्पना दोन्हीकडे एकच आहे.

मेंढीकोटात पानांचा क्रम असा असतो: सर्वांत वरचा एक्का, त्याच्या खाली राजा, राणी व गुलाम, मग दश्शी, नव्वी, अठ्ठी, सत्ती, छक्की, पंजी, चव्वी, तिर्री, आणि सर्वांत खालची दुर्री. यांतील दश्शीला या खेळात 'मेंढी' असे नाव आहे. म्हणजे जोडात चार मेंढ्या असतात. दश्शीहून वरची चार पाने प्रत्येक चिन्हात आहेत. म्हणून मेंढी हे काही सर्वांत बलवान पान नव्हे. पण सर्व खेळ तिच्याचभोवती फिरतो. स्वतःचे रक्षण तिला पुरते करता येत नाही आणि तिची किंमत मात्र सर्वांत अधिक! खेळाची गंमत नेमकी येथेच आहे.

आता खेळाडू. खेळणारे चार असतात आणि समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असतात. शेजारी बसलेला प्रतिपक्षाचा असतो. अशी बैठक का? भिडू शेजारी बसले, तर एकमेकांची पाने सहज दिसतील आणि एका पक्षाचे दोघे लागोपाठ पान टाकतील. समोरासमोर बसल्याने पाने आळीपाळीने, एकदा या पक्षाचे व एकदा त्या पक्षाचे, अशी पडतात. बैठकीची रचनासुद्धा न्यायासाठी केलेली असते, हे ध्यानात घ्यावे.

डाव सुरू करताना एकाने पाने पिसावयाची आणि प्रतिपक्षातील एकाने ती मधून कापावयाची. पिसणाराही एक आणि कापणाराही तोच, असे कधी होत नाही. ज्याच्या हाती पाने आहेत त्याने ती मनाप्रमाणे लावून घेतली असतील, अशी शंकादेखील कोणाच्या मनात राहू नये, यासाठी ही व्यवस्था. त्यानंतर पिसणारा पाने वाटतो. प्रथम प्रत्येकाला पाच पाने, नंतर चार आणि पुन्हा चार, अशी प्रत्येकाला १३ पाने मिळतात. वाटप आणि खेळ उजवीकडे फिरावा की डावीकडे, हे आधी ठरवावे. या पाठात आपण उजवीकडे असे धरू. ५२ पाने चौघांमध्ये वाटण्याचे जितके निरनिराळे प्रकार संभवतात, ती संख्या २९ अंकी आहे. यावरून तुम्ही आज खेळलेला डाव पूर्वी कोणी जसाच्या तसा खेळला असण्याचा संभव किती अल्प आहे, याची कल्पना येईल.

पाने हाती आली, की प्रत्येकाने ती चिन्हांप्रमाणे लावून घ्यावीत आणि कोणालाही दिसू देऊ नयेत. वाटणाऱ्याच्या उजवीकडील खेळाडू पहिले पान टाकतो. याला 'उतारी' म्हणतात. त्याने ज्या चिन्हाचे पान उतरले, त्याच चिन्हाचे पान इतर तिघांनी क्रमाने टाकावयाचे. चार पाने पडली, म्हणजे एक 'हात' झाला. उतरलेल्या चिन्हाचे सर्वांत मोठे पान ज्याचे, त्याचा हात. आणि पुढची उतारीही त्याचीच. असे एकूण १३ हात होतात.

येथे या खेळातील मुख्य नियम येतो: उतरलेल्या चिन्हाचे पान आपल्यापाशी असेल, तर तेच टाकले पाहिजे. ते मोठे असो की लहान असो, टाकावेसे वाटो की न वाटो. त्या चिन्हाचे एकही पान नसेल, तरच दुसरे पान टाकण्याची मोकळीक मिळते. या नियमाकडे आपण पुन्हा येणार आहोत.

त्यापूर्वी 'हुकूम' म्हणजे काय ते पाहू. हुकूम म्हणजे आज्ञा. चार चिन्हांपैकी एका चिन्हाला त्या डावापुरता हा मान मिळतो. हुकमाची दुर्रीसुद्धा दुसऱ्या कोणत्याही चिन्हाच्या एक्क्याहून मोठी ठरते. हुकूम ठरविण्याच्या दोन रीती आहेत. पहिल्या रीतीत डाव हुकमावाचून सुरू होतो. ज्या खेळाडूपाशी उतरलेल्या चिन्हाचे पान प्रथम संपते, त्याने त्या वेळी जे पान टाकले, त्याचे चिन्ह हुकूम होते. दुसऱ्या रीतीत वाटणाऱ्याच्या उजवीकडील खेळाडू आपले एक पान आधीच पालथे ठेवतो आणि कोणापाशी उतरलेले चिन्ह नसेल, तेव्हा ते पान उघडण्यास सांगता येते. दोन्ही रीती योग्यच. मात्र कोणती पाळावयाची, हे पाने वाटण्यापूर्वी ठरले पाहिजे. डाव सुरू झाल्यावर नियम ठरवू लागले, तर प्रत्येक जण आपल्या हातातील पाने पाहूनच मत देईल.

हार-जीत अशी ठरते. ज्या पक्षाने जिंकलेल्या हातांत तीन वा चार मेंढ्या आल्या, त्याने डाव जिंकला. चारही मेंढ्या एकाच पक्षाकडे गेल्या, तर प्रतिपक्षाला 'मेंढीकोट' लागला असे म्हणतात. त्यावरूनच खेळाला हे नाव पडले. तेराच्या तेरा हात एकाच पक्षाने केले, तर तो त्याहून मोठा विजय. कारण तेव्हा ५२ पाने एकाच बाजूला जमतात. दोन्ही पक्षांकडे दोन दोन मेंढ्या आल्या, तर ज्याचे हात अधिक त्याची जीत. हातांची संख्या १३, म्हणजे विषम आहे. तेव्हा एका पक्षाचे निदान सात हात होणारच आणि डाव बरोबरीत सुटणे शक्य नाही. हरलेल्या पक्षाने पुढचा डाव पिसावयाचा. जो हरला त्याने काम करावे, अशी ही गोड शिक्षा आहे.

नियम वाचून पुरते उमजत नाहीत. म्हणून एका डावाचे तीन हात पाहू. खेळाडूंना आपण दिशांची नावे देऊ. उत्तर व दक्षिण हे एका पक्षाचे भिडू. पूर्व व पश्चिम हे दुसऱ्या पक्षाचे. पाने पूर्वेने वाटली आहेत. म्हणून त्याच्या उजवीकडील उत्तराची उतारी आहे. त्याच्यानंतर पश्चिम, दक्षिण व पूर्व अशी पाळी येईल. हुकूम अद्याप ठरलेला नाही. ठरविण्याची पहिली रीत मान्य केली आहे.

उत्तराने बदामाचा एक्का उतरला. पश्चिमेने बदामाची पंजी टाकली. दक्षिणेपाशी बदामाची मेंढी व छक्की आहे. एक्का आपल्याच भिडूचा आहे, हे पाहून त्याने त्यावर मेंढी टाकली. यात थोडा धोका होता. पूर्वेपाशी बदाम नसता, तर त्याने दुसरे चिन्ह टाकून हुकूम केला असता आणि मेंढी गेली असती. पण पहिल्याच फेरीत कोणापाशी बदाम नसणे हे क्वचित घडते, असा दक्षिणेचा हिशेब होता. पूर्वेने बदामाची तिर्री टाकली. हात उत्तराचा झाला आणि एक मेंढी घरी आली.

उत्तराने आता बदामाचा राजा उतरला. पश्चिमेपाशी एकच बदाम होता, तो गेला. त्याने इस्पिकची चव्वी टाकली आणि इस्पिक हुकूम झाले. दक्षिणेने बदामाची छक्की टाकली, पूर्वेने दुर्री. हुकमाच्या एवढ्याशा चव्वीने राजा कापला गेला आणि हात पश्चिमेचा झाला.

पश्चिमेने चौकटचा एक्का उतरला. आता पाळी दक्षिणेची. त्याच्यापाशी चौकटचे एकच पान आहे आणि ते म्हणजे मेंढी! ती टाकावी, तर प्रतिपक्षाच्या एक्क्याखाली जाणार. त्याच्या हातात इस्पिकची तिर्रीही आहे. ती टाकून 'माझ्याकडे चौकट नाही' असे भासविले, तर एक्का कापता येईल, हात आपला होईल आणि मेंढीही वाचेल. त्याची पाने फक्त त्यालाच दिसत आहेत. या क्षणी त्याला अडविणारा कोणी नाही.

मुलांनो, येथे थोडे थांबून विचार करा. फुटबॉलच्या मैदानावर शिट्टी घेऊन धावणारा पंच असतो. बुद्धिबळाच्या पटावर सर्व मोहरी उघडी असतात. घोडा तिरपा चालविला, तर समोरचा लगेच हात धरील. पत्त्यांच्या खेळात मात्र मुख्य नियम मोडला जात आहे की नाही, हे त्या घटकेला एकट्या खेळणाऱ्यालाच ठाऊक असते. आरोपी तोच आणि न्यायाधीशही तोच. बाकीचे तिघे केवळ त्याच्या भरवशावर आपले पान टाकीत असतात.

ही चोरी उघडकीस येत नाही, असे मात्र नाही. डावात प्रत्येक पान कधी ना कधी खाली टाकावे लागते. तेराव्या हातापर्यंत चौकटची मेंढी बाहेर येणारच. आणि ती आली, म्हणजे चौकटच्या एक्क्यावर हुकूम कोणी टाकला होता, हे कोणाला तरी आठवणारच. पुष्कळ घरांत असा डाव त्या पक्षाने हरला असे मानतात. पण शिक्षेहून मोठे नुकसान निराळेच आहे. त्या हातानंतर इतर तिघांनी जे जे अनुमान केले, ते सर्व खोट्यावर उभे राहिले. 'दक्षिणेपाशी चौकट नाही' असे समजून भिडूनेही आपली पाने वाया घालविली असतील. एकाने नियम मोडला, तर खेळ चौघांचा मोडतो.

आपल्या डावातील दक्षिणेने मेंढी टाकली. पूर्वेने चौकटची सत्ती टाकली, उत्तराने नव्वी. मेंढी गेली. दोन्ही पक्षांकडे आता एक एक मेंढी झाली आणि दहा हात अजून उरले आहेत. डाव हरलाही जाईल. पण तो डाव राहील.

कधी कधी मुद्दाम नव्हे, तर अनवधानाने पान चुकते. एका पानामागे दुसरे दडलेले असते आणि ते दिसत नाही. असे ध्यानात येताच 'माझे पान चुकले' असे ताबडतोब सांगावे. हात उचलला जाण्यापूर्वी सांगितले, तर चूक सुधारता येते. सांगणाऱ्याला कोणी हसू नये. कारण खरे सांगणाऱ्याला जेथे हसतात, तेथे पुढच्या वेळी कोणी खरे सांगत नाही.

याच कारणाने भिडूंनी एकमेकांना खुणा करू नयेत. डोळे मिचकावणे, खाकरणे, 'आता मोठे पान येऊ दे' असे सुचविणे, हे सर्व वर्ज्य होय. भिडूशी बोलावयाचे ते टाकलेल्या पानाच्या द्वाराच. दक्षिणेने एक्क्यावर मेंढी टाकली, तेव्हा त्याने एक शब्दही न उच्चारता 'तुझ्यावर माझा विश्वास आहे' असे सांगितले. ही मुकी भाषा समजू लागली, म्हणजे खेळाला खरा रंग चढतो.

मेंढीकोट हा निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे. कोणती पाने यावीत, हे आपल्या हाती नाही. आलेल्या पानांचे काय करावे, हे मात्र आहे. चांगला खेळाडू पडलेली पाने मोजतो. आपल्या डावात दोन हातांत बदामाची सात पाने पडली. म्हणजे सहा उरली. पश्चिमेपाशी बदाम नाही, हे सर्वांनी पाहिले. उत्तरापाशी आणखी दोन बदाम असले, तर राहिलेले चार दक्षिण व पूर्व यांच्यातच असले पाहिजेत, हे त्याला न पाहताच कळते. स्मरण, गणित आणि अनुमान या तिन्हींचा अभ्यास येथे हसत-खेळत होतो. आपल्या मेंढीचे रक्षण करावयाचे असेल, तर वरची पाने आधी जाऊ द्यावीत. एक्का, राजा, राणी व गुलाम पडून गेल्यावर तिच्या चिन्हात तीच सर्वांत मोठी होते. मग तिला भय उरते ते केवळ हुकमाचे.

पत्ते म्हटले, की काही वडीलधारी माणसे कपाळाला आठ्या घालतात. त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. पत्त्यांवर पैसे लावण्याच्या नादाने अनेक संसार धुळीस मिळाले आहेत. पण तो दोष पानांचा नसून पैशाचा आहे. मेंढीकोटात जिंकणाऱ्याला मिळावयाचे ते 'कोट दिला' असे म्हणण्याचे समाधान आणि हरणाऱ्याला मिळावयाचे ते पिसण्याचे काम. तेवढेच मिळावे. पैसा मध्ये आला, म्हणजे भिडूवरील विश्वास जातो आणि मागे उरतो तो केवळ हिशेब.

या खेळाने आपल्या भाषेलाही काही दिले आहे. ज्याच्यावर हमखास भरवसा ठेवावा, अशा माणसाला आपण 'हुकमी एक्का' म्हणतो. कोणाला वगळले, तर त्याचा 'पत्ता कापला' असे म्हणतो. पाया कच्चा असलेली गोष्ट 'पत्त्यांच्या बंगल्या'सारखी कोसळते. सतरंजीवरचा खेळ असा कळत-नकळत आपल्या बोलण्यात येऊन बसला आहे.

मेंढीकोटाचे नियम शिकावयास एक दुपार पुरे होते. ते सर्व पाठ झाले, तरी त्यांपैकी एकाची परीक्षा प्रत्येक हाताला नव्याने द्यावी लागते. आणि ती घेणारा दुसरा कोणी नसतो. पुढच्या वेळी तुमच्या हातात चौकटची एकटीच मेंढी असेल आणि समोर प्रतिपक्षाचा एक्का पडलेला असेल, तेव्हा मेंढी टाका. ती गेली तरी उरलेले तिघे तुमच्याबरोबर पुढचा डाव मांडावयास आनंदाने बसतील.